कानावरचा फोकस

३ मार्च, सोमवार

तीर्थस्वरूप ताई,

वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे नमस्कार अर्ध्यावरच थांबला आहे. उरलेला अर्धा पूर्ण झाला असं समज. घरी सगळे ठणठणीत. तुझी भावजय विचारते, गुडघ्याचं तेल संपलं की आहे. तुझी भाची विचारते, आत्या प्रत्येक मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठाच का दाखवते.

तुझं खोकं शनिवारी पोचलं. चारही लेन्स सुखरूप आहेत. प्रत्येकीला लोकरीच्या मोज्यात घालून पाठवण्याची अक्कल फक्त तुलाच असू शकते. जुना कॅमेराही टॉवेलमध्ये शांत झोपून आला. चिठ्ठी वाचली. "डोळ्यांचं काही खरं उरलं नाही. लेन्स पडून पडून बुरशी धरतील. तुझ्या ओळखी आहेत, विकून टाक. कॅमेरा भंगारात दिलास तरी चालेल." चार वाक्यं! दूधवाल्याला तू याहून लांब चिठ्ठी लिहितेस.

विकणार नाही.

फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि त्या "बरं"मधूनच मला ऐकू येतं की फोन कानापासून चार बोटं लांब गेला. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतेस. म्हणून कारखान्याच्या ऑफिसात दार लावून बसलो आहे. चौथं लेथ मशीन आलं, हे तुला सांगितलं का? सेकंडहँडच घेतलं, पण विकणाऱ्याने चालू करून दाखवलं तेव्हा मी डोळे मिटून उभा राहिलो आणि म्हणालो, "मागचं बेअरिंग सहा महिन्यांत जाणार, ते बदलून द्या." त्याने उघडलं. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. सोळा माणसं आहेत आता हाताखाली, तरी कुठल्या मशीनवर कोण घाई करतंय ते मला इथे बसून कळतं.

माझ्या खुर्चीच्या वर तू काढलेला फोटो अजून तसाच आहे. कारखाना उघडला त्या आठवड्यातला, तुझ्या स्टुडिओत काढलेला. प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं, "साहेब, फोटोत तुमचे कान एवढे लख्ख, आणि डोळे धूसर कसे?" माझं उत्तर ठरलेलं आहे: "माझ्या बहिणीने काढलाय. तिला माणसाचं मर्म कळतं. मी कानांवर जगतो, म्हणून तिने फोकस कानावर केला." गिऱ्हाईक हसतं आणि काम देऊन जातं. तीस वर्षं हे सांगतो आहे. तू समोर असलीस की हसतेस, पण ओठ मिटून.

ताई, तुझ्याकडे फोटो काढायला लोक दोन-दोन बस बदलून यायचे. फरशीला खिळे मारून पक्कं केलेलं ते स्टूल, समोर पांढऱ्या रंगाच्या तीन खुणा, त्यावर स्टँडचे तीन पाय. अंतर कधी इंचभर हलायचं नाही. माणूस बसला की तू म्हणायचीस, "श्वास सोडा. आता इकडे." आणि पापण्या एकेक मोजता याव्यात असा चेहरा उमटायचा. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं.

मग तेहतिसाव्या वर्षी तुझी नजर गेली. गेली म्हणजे, तू म्हणालीस गेली. फोटोत सगळ्यांचे डोळे धूसर, कान लख्ख. पहिल्यांदा तूच हसून म्हणाली होतीस, "आता मी कानांची फोटोग्राफर झाले." गिऱ्हाईकं हसली नाहीत. चष्मा घेतलास, तरी कानच. दुसरा घेतलास, तरी कानच. मग तू ते काम सोडलंस, आणि पुढे वीस-बावीस वर्षं आपोआप फोकस करणाऱ्या डबड्यावर पासपोर्टचे फोटो काढलेस.

तर माझा बेत ऐक. या चार लेन्स बसतील असा एक वापरलेला डिजिटल कॅमेरा शोधतो. फोकस तुझ्याच हाताने, कडी फिरवून. नवा घेणार नाही, कारण मी आयुष्यात एकही यंत्र नवं घेतलेलं नाही आणि एकाही यंत्राने मला फसवलेलं नाही. तू एक चेहरा काढायचास. एकच, पण तुझ्या पद्धतीचा, पासपोर्टचा नव्हे. तो बघून "विक" म्हणालीस, तर विकतो.

एक विनंती. पत्रावर "खुडबुड्या" लिहीत जाऊ नकोस. पोस्टमन फाटकातून त्या नावाने हाक मारतो आणि सोळा माणसं काम थांबवून बघतात. छप्पन्न वर्षांचा झालो गं. "मालक" लिही.

तुझा धाकटा भाऊ
(चार लेथ मशीनचा मालक)


१३ मार्च, गुरुवार

तीर्थस्वरूप ताई,

नमस्कार. या खेपेला पूर्ण वाकलो. तुझ्या गुडघ्याचं तेलच कंबरेला लागू पडलं.

तुझं उत्तर मिळालं. "हट्ट करू नकोस. नको म्हणजे नको. घेणारच असशील तर जड घे, हलक्याने हात हलतो." नको म्हणता म्हणता वजनसुद्धा सांगून मोकळी झालीस! भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं तयार आहेत, आता तुम्ही जास्त बोलून घालवू नका."

काल अर्धा दिवस सुट्टी घेऊन जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. एका दवाखान्याच्या वर, दुसरा मजला, लिफ्ट बंद. दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, अंगावर सुतारासारखा खिशाखिशांचा एप्रन. मी चारही मोजे काउंटरवर मांडले.

"काका, मोजे आम्ही घेत नाही."

"आत बघा."

तिने तुझी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स काढली, उजेडाकडे धरली, कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच फिरवली. मग तिचा आवाज बदलला. मला ऐकू आलं ते. "ही कोणी वापरली?"

"बहिणीने."

"त्यांचा हात घाईचा नव्हता. कडी सगळीकडे सारखीच फिरतेय, कुठे सैल नाही, कुठे अडत नाही. अशा लेन्स आमच्याकडे येत नाहीत, काका. येतात त्या खुळखुळे झालेल्या असतात."

मी तिथल्या तिथे दोन इंच उंच झालो. ताई, ज्या बाईच्या हातून आजवर हजारभर लेन्स गेल्या, ती तुझा हात तुला न बघता ओळखते!

तिने पहिला काढला तो आरशाचा मोठा कॅमेरा, तुझ्या जुन्यासारखाच, फक्त आत फिल्मऐवजी सेन्सर. आवाज काय त्याचा! भरदार. मी म्हणालो, हाच. ती म्हणाली, "आवाजावर जाऊ नका." म्हणालो, "मी आवाजावरच जातो." तर तिने तुझी लेन्स लावून मला खिडकीबाहेरची पाण्याची टाकी दाखवली. कडी शेवटपर्यंत फिरवली, त्या आडव्या आठापर्यंत, तरी टाकी काही स्पष्ट होईना. आरशाला जागा लागते, म्हणून तुझी लेन्स सेन्सरपासून जरा लांब पडते. जवळचं दिसतं, लांबचं कधीच नाही. शिवाय हल्लीच्या आरशांच्या कॅमेऱ्यांत आतली दुधी काच आपोआप फोकस होणाऱ्या लेन्ससाठी केलेली. चित्र उजळ दिसतं, पण फोकस आला की नाही ते डोळ्याला नीट कळत नाही. बाद.

दुसरा तळहाताएवढा, बिनआरशाचा. त्यावर टाकी आली. पण त्याचा सेन्सर लहान, फिल्मच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात. "यावर ही लेन्स चेहऱ्याच्या अंगावर येईल," ती म्हणाली. "अख्खा चेहरा घ्यायचा तर ताईंना भिंत पाडून मागे जावं लागेल." तुझं स्टूल खिळ्यांनी ठोकलेलं. बाद. आणि हलकाही होता.

उरले दोन, एकाच जातीचे. बिनआरशाचे, सेन्सर थेट फिल्मच्या मापाचा, चार-पाच वर्षं जुने. एक नवरीसारखा चकाचक, पट्टासुद्धा न उघडलेला. दुसऱ्याच्या कोपऱ्यांचा रंग उडून धातू दिसायला लागलेला. भाव सारखाच. मी म्हणालो, "दोन्ही सावकाश गतीवर ठेवा आणि दहा-दहा वेळा दाबा. पंखा बंद करा."

"कॅमेरा घ्यायला आलात की गाण्याची परीक्षा घ्यायला?"

पण पंखा बंद केला तिने. जुनाट दिसणारा दहाही वेळा एकाच सुरात. चकचकीत चौथ्या आणि सातव्या खेपेला आवाजाला बारीक शेपूट सोडत होता, रेशमी कापड कुठेतरी खिळ्याला अडकावं तसं. तिला ऐकू येईना. मी म्हणालो, उघडून बघा. मागच्या खोलीतून तिचा दुरुस्तीवाला भिंग घेऊन आला. शटरच्या एका पात्याची कड किंचित दुमडलेली निघाली. तो म्हणाला, "साहेब, नोकरीला येता का?"

तर, कोपरे झिजलेला घेतला. लेन्स लावून वजन केलं. दीड किलोला थोडा कमी. तुझा हात हलणार नाही. डोळा लावायच्या जागी छोटा पडदा आहे, बटण दाबलं की हवा तेवढा भाग दहापट मोठा दिसतो. नुसती पापणी घेऊन बसता येईल तुला. फोकस आलेल्या कडा लाल करून दाखवायचीही सोय आहे. ती तुला आवडणार नाही, म्हणून बंद करून ठेवली.

आणि खरी गोष्ट ही, की मधे आरसा नाही. ती म्हणाली, "आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याचा रस्ता एक आणि फोटोचा दुसरा. डोळा वरच्या दुधी काचेवर बघतो, फोटो मागे फिल्मवर उमटतो. यात रस्ता एकच. सेन्सरवर पडतं तेच दिसतं."

मी आपला मशीनवाला. विचारलं, "मग त्यात ते दोन रस्ते एका मापाचे आहेत, हे कशावरून?"

त्यावर ती बरंच बोलली. ते राहू दे. जिने उतरताना पाय जरा जड झाले होते, दोन मजले म्हणजे काही कमी नाहीत.

ताई, ते कानांचे फोटो तू टाकून दिलेले नाहीस, हे मला माहीत आहे. त्यातले सहा-सात पाठवून दे. मागे तारखा असतील तर फार बरं. कशाला ते विचारू नकोस.

तुझा भाऊ


२७ मार्च, गुरुवार

ताई,

नमस्कार. तुझ्या भाचीला तिच्या ऑफिसात बढती मिळाली, हाताखाली तीन माणसं दिली आहेत. ही बातमी आधी लिहितो, कारण पुढचं वाचल्यावर तुला ती वाचायची इच्छा राहणार नाही.

फोटो मिळाले. सात. सोबत तुझी चिठ्ठी, "आता हे कशाला उकरतोस?" उकरतो आहे, कारण मीच पुरलं होतं.

दुकानवाली काय म्हणाली ते आता लिहितो. मी विचारलं होतं, दोन रस्ते एका मापाचे कशावरून. ती म्हणाली, "कॅमेरा बनवतानाच मापून ठेवतात. दुधी काचेच्या वर पितळेची पातळ चौकट घालून काच नेमक्या जागी आणतात. ती चौकट हलली किंवा राहून गेली, तर डोळ्याला जे स्पष्ट दिसतं ते फोटोत स्पष्ट येत नाही. ओळखायचं सोपं आहे, काका. कुणाला तरी बसवा, डोळ्यावर फोकस करा. फोटोत डोळे धूसर आणि कान लख्ख आले, तर काच जागेवर नाही समजा. बिचाऱ्या लोकांना वाटतं, आपली नजर गेली."

तिला वाटलं मला चक्कर आली. स्टूल दिलं, पाणी दिलं.

तुझ्या कॅमेऱ्यात आतून धुळीचा एक कण दिसायचा. डाव्या कोपऱ्यात. तू म्हणायचीस, प्रत्येकाच्या खांद्यावर तीळ असल्यासारखा वाटतो. माझ्या हातात देताना म्हणालीस, "बाहेरून फुंकर मार. आत जाऊ नकोस, खुडबुड्या." मी पंचवीस वर्षांचा, परीक्षेत पहिला आलेला टर्नर. फुंकर मारायला मी कशाला हवा? तू जेवायला गेलीस, मी ती दुधी काच उतरवली. कण पुसला. काच परत बसवली, आणि टेबलावर एक पितळी चौकट उरली. पातळ, मधे पोकळ.

काच बसत होती. हलत नव्हती. मी शटर दाबलं, आवाज जसा होता तसाच. कानाने पास केलं, ताई. फोकसला आवाज नसतो, हे त्या दिवशी लक्षात आलं नाही. मनाशी म्हणालो, असेल एखादं जास्तीचं पॅकिंग. परत उघडून बघायला वेळ होता. पण जिन्यात तुझी चप्पल वाजली, आणि चौकट माझ्या खिशात गेली.

तू विचारलंस, "आत काही हलवलं नाहीस ना?"

"नाही गं. फुंकर मारली फक्त."

दुसरा चष्मा आला त्या आठवड्यात तू परत विचारलंस. तेव्हा मी चिडलो. "माझ्या हातचं काम आहे ताई, कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नाही," असं म्हणालो. आणि तू माझी माफी मागितलीस. "तसं नाही रे, नजर गेली की माणूस दुसऱ्यावर घेतो," म्हणालीस. ते वाक्य तुझ्याच आवाजात, त्याच चढउतारांसह, अजून ऐकू येतं. चांगल्या कानांचा हा एक तोटा आहे, तो मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

मला माहीत होतं का? चौकट उरली, हे माहीत होतं. तिने काय बिघडतं, ते माहीत नव्हतं. आणि माहीत करून घेतलं नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली तिसरी सगळ्यात वाईट. "फोकस कानावर केला," ही गोष्ट मी तीस वर्षं इतकी रंगवून का सांगत होतो, ते आता मला ऐकू येतं.

भावजयीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पाकिटावर माझा पत्ता घालणार आहात का?"

चौकट सापडली. माझ्या पॅकिंगच्या पत्र्याच्या डब्यात, अगदी तळाला. आमच्या कामात टूलखाली घालायला पातळ पट्ट्या लागतात, एकही कधी टाकत नाही. पण ही मधे पोकळ, टूलखाली घालायला बिनकामाची. तीन डबे बदलले, दोन जागा बदलल्या, तरी ही प्रत्येक डब्यात बरोबर आली. मायक्रोमीटरमध्ये धरली: मिलिमीटरचे तीन दशांश.

रविवारी सकाळी कारखाना बंद असताना तुझा जुना कॅमेरा खिडकीत मांडला. मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी तेलकट कागद ताणला, शटर उघडं ठेवलं. तुझ्या स्टुडिओत तीन खुणांपासून स्टूल जेवढं लांब, तेवढ्याच अंतरावर स्टीलची मोजपट्टी तिरकी उभी केली. वरून बघून एका आकड्यावर फोकस केला. मागे कागदावर तो आकडा धूसर, आणि त्याच्या मागचा, आठ सेंटिमीटर पलीकडचा, लख्ख. मग चौकट घातली. वरून जो आकडा, मागेही तोच. परत काढली, परत घातली. पाच वेळा.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो ते नीट वाच. चष्मा लावून वाच, त्या चष्म्याचा दोष नाही.

आमच्या कामात खराब माल आला की मी सगळे नग ओळीने मांडतो. कारागिराचा हात किंवा नजर बिघडली असेल, तर प्रत्येक नग वेगळा चुकलेला असतो. एक जाड, एक बारीक, एक बरोबरसुद्धा. पण सगळे नग सारखेच चुकले असतील, तर कारागीर निर्दोष. मशीनच चुकीचं लावलेलं असतं. मग मी कारागिराला सोडतो आणि ज्याने मशीन लावलं त्याला बोलावतो.

तुझे सात फोटो ओळीने मांडले. मागच्या तारखा बघितल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत चौदा महिने. मधे दोन चष्मे. म्हातारे, पोरी, एक टोपीवाला, एक मी. भिंग घेऊन बसलो. सातही चेहऱ्यांत लख्ख जागा एकच आहे, कानाची पुढची कड. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही. चष्मा बदलला, ऋतू बदलले, माणसं बदलली, आणि तुझी नजर सात वेळा जाऊन डोळ्याच्या त्याच बुबुळावर बसली. मागे मी ती आठ सेंटिमीटर सरकवून ठेवली होती, एवढंच.

माझ्याकडे सोळा कारागीर आहेत. त्यांतले दोन उत्तम. एकाचंही काम असं चौदा महिने एका रेषेत चालत नाही. माझंही नाही. ताई, कारखान्यात मी हे सात फोटो सगळ्यांना दाखवले. म्हणालो, याला म्हणतात हात, याला म्हणतात डोळा. बघून घ्या, आणि हे कुणामुळे फुकट गेलं तेही बघून घ्या.  

माफी मागायला हवी, हे कळतं. पण तू एकदा माझी मागितली आहेस, आणि ती मी घेतली. त्यानंतर माझी कुठे ठेवू, कळत नाही.

कॅमेरा घेऊन येऊ का, ते कळव.

तुझा


५ एप्रिल, शनिवार

ताई,

नमस्कार.

काल तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने फाटकातून हाक मारली, "मालक!" पत्त्याच्या बाजूला तुझ्या वळणदार अक्षरात: "माननीय मालक यांस." मीच मागितलं होतं. आजवर तू मला त्या नावाने कधी लिहिलं नव्हतंस. उलट बाजूला दोन ओळी: "कॅमेरा पाठव. तू येऊ नकोस."

सवयीने पोस्टकार्ड मायक्रोमीटरमध्ये धरलं. तीन दशांश. बरोबर त्या चौकटीएवढंच.

येत नाही. पार्सल या पत्राबरोबरच निघालं आहे. मोजे धुऊन घातले आहेत. वरच्या कप्प्यात नवा, म्हणजे कोपरे झिजलेला कॅमेरा. त्यावर तुझ्या लेन्स बसवण्यासाठी अडॅप्टरची कडी लागते. ती बाजारातून आणली, तर मिलिमीटरच्या सहा शतांशाने बुटकी निघाली. म्हणे मुद्दामच तशी करतात; लांबचं हमखास दिसावं म्हणून. त्यामुळे लेन्सवर लिहिलेली अंतरं खोटी पडतात. तुला खोटं माप देणार नाही. सहा शतांशाचा पितळी पत्रा स्वतः काढला, तीन बाद केले, चौथा बसवला. कडी खोलून बघितलीस तर तो आत दिसेल. या वेळी काही बाहेर उरलेलं नाही.

खालच्या कप्प्यात तुझा जुना कॅमेरा आहे, चौकट घातलेला. भंगारात देण्यासारखं त्यात काही नाही. छत्तीस फोटोंची फिल्म लावून दिली आहे. खातरजमा स्वतः करून घे; माझ्या शब्दावर ठेवू नकोस.

ऑफिसातला माझा फोटो उतरवला नाही. आज सकाळीच एका गिऱ्हाइकाने विचारलं, साहेब, कान एवढे लख्ख कसे? म्हणालो, "बहिणीने डोळ्यांवरच केला होता फोकस. मधे माझी चूक आली. पण बघा, चुकीतूनसुद्धा तिची नजर किती सरळ गेली आहे." तो हसला नाही. जवळ जाऊन फोटो बघितला. मग विचारलं, "त्या अजून फोटो काढतात का?"

मी सांगितलं, "काढतात."

ताई, तुला न विचारता सांगितलं. खोटं असेल तर कळव. ही एक गोष्ट दुरुस्त करायला अजून वेळ आहे.

स्टूल अजून खिळ्यांवर आहे ना? पहिला चेहरा माझा नको. भावजयीचा काढ, भाचीचा काढ, तुझ्या दूधवाल्याचा काढ. मी रांगेत शेवटी उभा राहतो. पुढच्या वर्षी नंबर लागला तरी चालेल, त्याच्या पुढच्या वर्षी लागला तरी चालेल. आणि लागला, तर फोकस डोळ्यांवर कर. ते खाली वळलेले असतील. तेव्हा मालक म्हणू नकोस. पूर्वी ज्या नावाने ओरडायचीस त्याच नावाने ओरड, आणि म्हण: श्वास सोड, आता इकडे बघ.

मी बघेन.

तुझा,
खुडबुड्या